परक्याची भाषा

परभाषा शिकावयाची ती कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक शाळांतून फारसा विचार न करतांच दिलें जातें. नोकरीसाठीं, व्यापारासाठीं, प्रवासासाठीं, परीक्षेंतील गुणांसाठीं, अशीं तीं उत्तरें असतात. तीं खोटीं नाहींत. पोटाचा उद्योग हा कांहीं कमी प्रतिष्ठेचा विषय नव्हे. परंतु या उत्तरांमुळें पाठ्यपुस्तकाला कसें रूप येतें, हें पाहण्यासारखें आहे. स्पॅनिश भाषेचें एखादें प्रचलित प्रवेश-पुस्तक उघडावें. पहिल्या कांहीं धड्यांत विद्यार्थी विमानतळावरून हॉटेलांत जातो, खोली मागतो, जेवण मागवितो, दुकानांत जोड्यांची किंमत विचारतो आणि पैसे चुकते करून निघतो. या सर्व प्रवासांत त्याला जीं माणसें भेटतात, तीं वाढपी, दुकानदार, तिकिटें देणारे आणि टॅक्सी हांकणारे अशीं असतात. विद्यार्थ्याचें त्यांच्यापाशीं काम असतें. त्यांचें विद्यार्थ्यापाशीं कांहीं काम असूं शकेल, ही कल्पना पुस्तकाला शिवत नाहीं. त्या वाढप्याच्या घरीं कोण आजारी आहे, रविवारीं तो कोठें जातो, कोणत्या आठवणीनें त्याचा कंठ दाटून येतो, हें विचारण्यापुरते शब्द वर्षअखेरहि विद्यार्थ्याच्या पदरांत पडलेले नसतात.

या उणिवेकडे ज्यांनीं विशेष कळकळीनें लक्ष वेधलें, त्यांत डेव्हिड स्मिथ व बार्बरा कार्व्हिल या दोन परभाषा-अध्यापकांचीं नांवें प्रामुख्यानें घ्यावीं लागतील. इ. स. २००० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘द गिफ्ट ऑफ द स्ट्रेंजर’, म्हणजे ‘परक्याचें देणें’, या ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ख्रिस्ती श्रद्धेच्या शिक्षकानें परभाषेचें अध्यापन आतिथ्याच्या कल्पनेवर उभारावें. विद्यार्थ्यानें दोन गोष्टी शिकाव्या. परक्या देशीं गेल्यास तेथील लोकांना ज्याच्या येण्यानें कांहीं बरें लाभावें असा पाहुणा होणें, ही एक. आणि आपल्या दारीं परका आल्यास त्याचा चांगला यजमान होणें, ही दुसरी. या विचाराला त्या धर्माच्या पवित्र शास्त्रांत जुना आधार आहे. लेवीय नांवाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांना अशी आज्ञा आहे कीं, देशांत राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखीच प्रीति करावी. कारण मिसर देशांत तेहि एके काळीं परकेच होते. आज्ञेच्या मागें जें कारण जोडलें आहे, तेंच महत्त्वाचें आहे. ज्यानें परकेपण भोगलें आहे, त्यानें तें विसरूं नये. परभाषेच्या वर्गांत पहिल्या दिवशीं बसलेला प्रत्येक विद्यार्थी हें परकेपण थोडेंसें भोगीत असतो.

हा विचार कोणत्याहि भाषेला लागू पडेल. परंतु स्पॅनिशच्या वर्गांत त्याची जितकी कडक परीक्षा होते, तितकी क्वचितच दुसरीकडे होत असेल. कारण या भाषेचा आणि ख्रिस्ती धर्माचा संबंध फार जुना आहे, आणि तो सर्वच अभिमान वाटावा असा नाहीं.

इ. स. १४९२ हें वर्ष स्पेनच्या इतिहासांत अनेक कारणांनीं गाजलें. जानेवारींत ग्रानादा हें मुसलमानांचें शेवटचें राज्य पडलें. मार्चअखेर यहुदी लोकांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. ऑगस्टच्या आरंभीं कोलंबसाचीं जहाजें निघालीं. त्याच ऑगस्ट महिन्यांत सालामांका येथें अंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानें लिहिलेलें कास्तील्याच्या भाषेचें, म्हणजे आजच्या स्पॅनिशचें, व्याकरण छापून निघालें. युरोपांतील एका चालू बोलभाषेचें असें व्याकरण छापलें जाणें ही तेव्हां नवलाची गोष्ट होती. तें राणी इसाबेलेला अर्पण करतांना नेब्रिहानें प्रस्तावनेंत असा अभिप्राय दिला कीं, भाषा ही नेहमीं राज्यसत्तेच्या सोबतीनेंच चालत आली आहे. त्यानें तेथें एक प्रसंगहि सांगितला आहे. या ग्रंथाचा उपयोग काय, असें राणीनें विचारलें असतां, आविलाच्या बिशपनें लेखकाच्या वतीनें उत्तर दिलें कीं, राणीच्या अमलाखालीं जीं परभाषी राष्ट्रें येतील, त्यांना जेत्याचे कायदे आणि जेत्याची भाषा स्वीकारावी लागेल. त्या वेळीं हें व्याकरण कामीं येईल. परभाषा-शिक्षणाचा हेतु इतक्या उघडपणें क्वचितच कोणी सांगितला असेल.

परंतु याच बिशपची पुढची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. एर्नांदो दे तालावेरा हें त्याचें नांव. ग्रानादा पडल्यावर तो तेथील पहिला आर्चबिशप झाला. आतां जिंकलेलीं माणसें त्याच्या समोर होतीं, आणि त्यांची भाषा अरबी होती. या वेळीं मात्र त्यांनीं आपली भाषा शिकावी म्हणून तालावेरा थांबून राहिला नाहीं. उतारवयांत तो स्वतः अरबी शिकूं लागला, आणि आपल्या पाद्र्यांनींहि ती शिकावी असा त्याचा आग्रह होता. त्याच्या प्रेरणेनें पेद्रो दे आल्काला या धर्मबंधूनें लिहिलेलें अरबीचें व्याकरण आणि कोश १५०५ सालीं ग्रानादांत छापून निघाले. हेतु धर्मप्रसाराचाच होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्या भाषेंत बोलावें, आणि त्यासाठीं म्हाताऱ्या आर्चबिशपनेंहि विद्यार्थ्याच्या बाकावर बसावें, यांत एक नम्रता होती. दुर्दैवानें ती टिकली नाहीं. १४९९ सालीं कार्डिनल सिस्नेरोस ग्रानादांत आला. सामुदायिक बाप्तिस्मे झाले, अरबी ग्रंथांची होळी झाली. तालावेराच्या उत्तरायुष्यांत खुद्द त्याच्यावरच धर्मन्यायासनाची वक्रदृष्टि फिरली, आणि १५०७ सालीं तो मरण पावला. १५६७ सालीं दुसऱ्या फिलिप राजानें अरबी बोलण्यालिहिण्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षीं डोंगरी मुलखांत बंडाचा वणवा पेटला.

हीच दोन रूपें महासागरापलीकडेहि दिसतात. १५११ सालच्या डिसेंबरांत हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मबंधूनें आपल्याच देशबांधवांपुढें उभें राहून, या मूळच्या रहिवाशांना तुम्ही माणसें मानीत नाहीं काय, असा सवाल केला. स्पॅनिश भाषेंतून निघालेला हा प्रश्न स्पॅनिश सत्तेलाच टोंचणारा होता. १५२९ सालीं मेक्सिकोंत उतरलेला बेर्नार्दिनो दे साआगून हा फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मबंधु नाउआत्ल भाषा शिकला. १५३६ सालीं त्लातेलोल्को येथें निघालेल्या विद्यालयांत त्यानें तेथील मुलांना लॅटिन शिकविलें, आणि पुढें त्याच विद्यार्थ्यांच्या साह्यानें वृद्ध माणसांना प्रश्न विचारून त्या लोकांचे देव, औषधें, सण, सुभाषितें आणि पराभवाच्या आठवणी यांचा बारा भागांचा ग्रंथ नाउआत्ल व स्पॅनिश अशा दोन भाषांतून सिद्ध केला. रोग जाणल्यावांचून वैद्याला उपचार करतां येत नाहीं, अशी त्याची मूळची भूमिका होती. म्हणजे ऐकण्यामागें खोडून काढण्याची इच्छा होतीच. तरीहि चाळीसएक वर्षें ऐकतां ऐकतां त्यानें जें लिहून ठेवलें, तें त्या लोकांच्या स्मृतीचें मोठें भांडार ठरलें. १५७७ सालीं हे कागद जप्त करण्याचा राजाचा हुकूम निघाला, यावरूनच त्यांतील ऐकणें सत्तेला किती अडचणीचें वाटलें तें दिसतें. पेरूंत लीमा येथील धर्मसभेनें तयार करविलेली प्रश्नोत्तरी १५८४ सालीं स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत छापली गेली.

पुढें वारें बदललें. मेक्सिकोचा आर्चबिशप लोरेंसाना याच्या आग्रहानें तिसऱ्या कार्लोस राजानें १७७० सालीं असा हुकूम काढला कीं, आपल्या अमेरिकन मुलखांतील निरनिराळ्या भाषा नाहींशा व्हाव्या आणि सर्वत्र एकटी कास्तील्याचीच भाषा बोलली जावी. मराठी श्रोत्याला ही कथा अनोळखी वाटूं नये. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं आला, येथील भाषा शिकला, आणि त्याचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. त्यानें लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें प्रसिद्ध झालें. त्याच भूमींत १६८४ सालीं व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, रहिवाशांनीं तीन वर्षांच्या आंत आपली मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. एका हातानें परक्याच्या भाषेला मखरांत बसवावें आणि दुसऱ्या हातानें तिची जीभ छाटावी, असे दोन्ही प्रकार एकाच धर्माच्या नांवानें, शे-सव्वाशें वर्षांच्या अंतरानें घडले आहेत. म्हणूनच ख्रिस्ती दृष्टीनें स्पॅनिश शिकवूं पाहणाऱ्या शिक्षकाला हा इतिहास वगळून चालत नाहीं. त्याच्या वर्गांत नेब्रिहाचें व्याकरण आणि मोंतेसिनोसचा प्रश्न हीं दोन्ही हजर असलीं पाहिजेत.

मग प्रत्यक्ष वर्गांत फरक पडतो तो कोठें? पहिली गोष्ट ही कीं, पुस्तकाच्या समासांत शास्त्रवचन छापल्यानें क्रियापदाचीं रूपें ख्रिस्ती होत नाहींत. अनियमित क्रियापद श्रद्धावंताला जितकें छळतें, तितकेंच नास्तिकालाहि छळतें. फरक पडतो तो उदाहरणांच्या निवडींत, प्रश्नांच्या रोखांत, आणि वर्गांत कोणाचा आवाज ऐकूं येतो यांत. निरोपाचा अगदीं साधा शब्द घ्यावा: आदियोस. त्यांत ‘देवाच्या हवालीं’ असा अर्थ दडलेला आहे. ‘असें झालें तर किती बरें’ या अर्थाचा ओहाला हा शब्द अरबींतून आला आहे, आणि त्याच्या मुळाशीं अल्लाची इच्छा आहे. ज्या देशानें अरबीवर बंदी घातली, त्या देशाच्या तोंडीं प्रत्येक आशेच्या वेळीं अरबी परमेश्वराचें नांव येतें, हें एका शब्दावरून विद्यार्थ्याला सांगतां येतें. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला आहे. जवळच्या माणसाला ‘तू’ आहेच. आज रूढ असलेल्या प्रभूच्या प्रार्थनेंत देवालाहि हेंच ‘तू’ लावतात. विठ्ठलाला एकेरी हांक मारणाऱ्या मराठी माणसाला यांतली जवळीक सांगावी लागत नाहीं. पण तू आणि उस्तेद यांतील निवड हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नसून समोरच्या माणसाला कोठें बसवावयाचें याचा प्रश्न आहे, हें शिक्षकानें दाखवावें लागतें. घरकामाला येणाऱ्या स्त्रीला तू आणि तिच्या मालकिणीला उस्तेद, असा धडा पाठ्यपुस्तकांत असेल, तर तेथेंच थांबून विचार करावा.

दुसरें उदाहरण आज्ञार्थाचें. नेहमींच्या पुस्तकांत आज्ञार्थ म्हणजे पाणी आणा, डावीकडे वळा, दार लावा. एल साल्वादोरचा आर्चबिशप ऑस्कर रोमेरो दर रविवारीं प्रवचन करीत असे, आणि धर्मप्रांताच्या रेडिओवरून तें देशभर ऐकलें जाई. शेतमजुरांवर चाललेल्या अत्याचारांचा, बेपत्ता झालेल्या माणसांचा पाढा तो त्यांत नांवानिशीं वाची. त्या केंद्राच्या यंत्रसामग्रीवर बाँबहल्लेहि झाले. २३ मार्च १९८० रोजींच्या प्रवचनाच्या अखेरीस त्यानें सैनिकांना उद्देशून, आपल्याच बांधवांना मारण्याचा हुकूम मानूं नका, असें आवाहन केलें. शेवटच्या वाक्यांत तो प्रथम विनवितो, मग याचना करतो, आणि अखेर देवाच्या नांवानें आज्ञा करतो. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मिस्सा चालू असतांना त्याला गोळी घालण्यांत आली. २०१८ सालीं त्याला संतपद देण्यांत आलें. विनंति, याचना आणि आज्ञा या तीन क्रियापदांतील चढती पायरी ज्या विद्यार्थ्यानें त्या प्रवचनाच्या ध्वनिमुद्रणांतून ऐकली, त्याला आज्ञार्थ समजला. शिवाय आज्ञा करण्याचा अधिकार केव्हां येतो, हेंहि त्याला उमगण्याचा संभव आहे.

तिसरें उदाहरण पाहुण्याचें. स्पॅनिशमध्यें ‘उएस्पेद’ हा शब्द पाहुण्याला लावतात. जुन्या भाषेंत तोच यजमानालाहि लावीत. या शब्दाचा अर्थ ज्याच्या आयुष्यांत उतरला असा एक माणूस म्हणजे कासिओदोरो दे रेइना. सेव्हिल्याजवळच्या मठांतील हा साधु सुधारकी मतांमुळें १५५७ सालीं देशाबाहेर पळाला. लंडन, अँटवर्प, फ्रँकफुर्ट अशा परक्या गांवांत, परक्या भाषांच्या आधारानें त्यानें दिवस काढले. सेव्हिल्यांत त्याची प्रतिमा करून ती जाळण्यांत आली. अशा स्थितींत त्यानें संपूर्ण बायबल स्पॅनिशमध्यें आणलें, आणि तें १५६९ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें छापलें गेलें. सिप्रियानो दे वालेरा या दुसऱ्या निर्वासितानें सुधारलेली त्याची आवृत्ति १६०२ सालीं आम्स्टरडॅमला निघाली. पुढें वेळोवेळीं सुधारलेलें तेंच भाषांतर स्पॅनिश बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट घरांतून आजहि वाचलें जातें. स्पॅनिश गद्याचें हें एक थोर लेणें परदेशीं, पाहुण्याच्या खोलींत घडलें आहे.

या पद्धतीवर आक्षेप येतात, आणि ते डावलण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, वर्ग म्हणजे प्रवचनपीठ नव्हे; भाषा शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यावर शिक्षकाची श्रद्धा लादण्याचा काय अधिकार? आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या पुस्तकांत सर्व माणसें केवळ विकत घेतात आणि विकतात, तेंहि एका श्रद्धेचाच प्रसार करीत असतें. फक्त ती श्रद्धा स्वतःचें नांव सांगत नाहीं. आपली भूमिका उघडपणें सांगून विद्यार्थ्याला विरोधाची मोकळीक देणारा शिक्षक त्यापेक्षां अधिक सचोटीचा म्हणावा लागेल. आतिथ्य हें मूळांतच पाहुण्यावर सक्ति करीत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकेंतील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण थोड्या दिवसांसाठीं मेक्सिकोला किंवा ग्वातेमालाला सेवाकार्यासाठीं जातात. त्यांना स्पॅनिश येते ती साक्ष देण्यापुरती, भेटी वांटण्यापुरती. मग आतिथ्याच्या गोड नांवाखालीं नेब्रिहाचीच परंपरा पुढें चालत नाहीं कशावरून? या आक्षेपाला शब्दांनीं उत्तर देतां येत नाहीं. विद्यार्थ्याला सांगण्याच्या वाक्यांआधीं विचारण्याचीं वाक्यें शिकविलीं आहेत काय, आणि उत्तर ऐकण्याइतका त्याचा कान तयार झाला आहे काय, एवढ्यावरूनच त्याचा निकाल लागतो. देण्याची हौस सर्वांनाच असते. घेण्यासाठीं हात रिकामे ठेवावे लागतात.

म्हणून या पद्धतींत व्याकरणाला सूट नाहीं, उलट त्याचा जाच अधिक आहे. पाहुण्याचें नांव नीट उच्चारणें ही आतिथ्याची पहिली पायरी असेल, तर उच्चारांतील आळस हा नुसता आळस राहत नाहीं. भूतकाळाचीं दोन रूपें स्पॅनिशमध्यें वेगळीं आहेत: घडून संपलेलें एक, आणि घडत राहिलेलें दुसरें. एखादी वृद्धा आपल्या बालपणाचें गांव कसें होतें तें एका रूपांत सांगते, आणि तें सोडावें लागलें तो दिवस दुसऱ्या रूपांत. हा भेद ज्याला कळत नाहीं, त्याला तिची गोष्ट कळली नाहीं. परीक्षेंतील गुणापेक्षां ही शिक्षा मोठी आहे. शिवाय चुका करीत बोलणें, लहान मुलासारखें अडखळणें, आपल्या विद्वत्तेचा आधार सुटलेला अनुभवणें, हा सर्व नम्रतेचाच अभ्यास आहे. ज्यानें तो एकदां केला, तो मोडकी इंग्रजी बोलणाऱ्या स्थलांतरिताला सहसा हंसत नाहीं.

आज स्पॅनिश ही वीस स्वतंत्र देशांची राजभाषा आहे, आणि एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार कोटींहून अधिक माणसें घरीं ती बोलतात. तेथील विद्यार्थ्याला परका शोधण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं. तो त्याच्याच शाळेची फरशी पुसतो, त्याच्याच बागेंतलीं फळें तोडतो, आणि कित्येकदां त्याच्याच मागच्या बाकावर बसून प्रार्थना करतो. वर्षभर स्पॅनिश शिकल्यावर तो विद्यार्थी त्या माणसाशीं प्रथम काय बोलेल, यावर त्या वर्गाचें यश ठरावयाचें आहे. जोड्यांची किंमत विचारण्यापलीकडे त्याला जर बोलतां आलें, आपलें गांव कोणतें, घरीं कोण कोण आहे, असें उस्तेद म्हणून आदरानें विचारून तो गप्प बसला आणि लक्ष देऊन ऐकूं लागला, तर म्हातारपणीं अरबी शिकावयास बसलेल्या त्या आर्चबिशपची राहिलेली शिकवणी कोठें तरी पुढें सुरू झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.